बाबांसाठी डोळ्यांनी मराठी टाइप करणं: दुपारनंतर बाण खाली का घसरतो?

निळी_शाई विचारते:

वडिलांना एएलएस (स्नायूंचं बळ हळूहळू नेणारा मज्जातंतूंचा आजार) आहे, वय ६४. हात पूर्ण गेलेत, मान जेमतेम हलते, बोलणं आता घरच्यांनाही कळत नाही. डोळे उत्तम, वाचन पक्कं. रात्री आणि दुपारी दोन तास बायपॅप (मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र) असतं.

आत्ता असलेलं सामान: १५.६ इंची लॅपटॉप, विंडोज ११. टोबी आय ट्रॅकर ५ (नजर पडद्यावर कुठे आहे ते ओळखणारं उपकरण) एका ओळखीच्या घरातून महिनाभरासाठी मिळालाय. लॅपटॉपच्या पडद्याखाली, बिजागरीपाशी चिकटवलाय. लॅपटॉप बेडवरच्या सरकत्या टेबलावर. पाठ साधारण ४० अंशांत उचललेली. चष्मा प्रोग्रेसिव्ह. डाव्या हाताला पश्चिमेची खिडकी.

अडचणी अशा:

१. सकाळी कॅलिब्रेशन (ट्रॅकर बाबांच्या नजरेशी जुळवून घेणं) छान होतं. तीननंतर बाण खाली घसरतो. वरच्या ओळीतल्या अक्षराकडे बघितलं की खालच्या ओळीतलं उमटतं. पुन्हा कॅलिब्रेशन केलं की अर्धा तास बरं, मग तेच.

२. विंडोजच्या आय कंट्रोलमधून (नजरेने संगणक चालवायची सोय) इंग्रजी लिहिता येतं, पण बाबांना मराठीच लिहायचंय. विंडोजचा ऑनस्क्रीन कीबोर्ड मराठीत आणला तर कळा फार बारीक दिसतात आणि शिफ्ट सतत लागते.

३. लिहिलेलं मराठीत मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज कुठला?

४. नजर थांबली की क्लिक होतं, त्यामुळे बाबा नुसतं वाचत असले तरी काहीतरी उघडतं. ते वैतागून डोळे मिटून घेतात.

उपकरण विकत घ्यायचं की नाही हे महिनाभरात ठरवायचंय. वेबकॅमवर चालणारे दोन प्रोग्राम आधी करून पाहिले, बाण जागेवर थांबतच नाही.

---

व्यवसायोपचार लिहितात:

पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्या वर्णनातच आहे. बाण इकडेतिकडे उडत नाही, ठरावीक दिशेने, म्हणजे खाली जातो. बाण थरथरत किंवा उडत असेल तर उजेड, चष्म्यावरची चमक, कोरडे डोळे हे बघायचं. एकाच दिशेला सरकत असेल तर बसण्याची ठेवण किंवा पापणी.

ट्रॅकर काय करतो ते आधी सांगते. तो डोळ्यांवर अवरक्त प्रकाश टाकतो. त्या प्रकाशाचा बारीक ठिपका बुबुळासमोरच्या पारदर्शक पटलावर चमकतो. कॅमेरा तो ठिपका आणि बाहुलीचा मध्य यांच्यातलं अंतर मोजून नजर कुठे आहे ते काढतो. आता थकव्याने वरची पापणी उतरली की बाहुलीचा वरचा भाग झाकला जातो. उरलेल्या भागाचा मध्य ट्रॅकरला खाली दिसतो आणि नजर खाली गेली असं तो धरतो. बाबा बरोबर जागी बघत असतात, चूक मोजमापात होते. हे त्यांना जरूर सांगा, कारण अशा वेळी माणूस स्वतःलाच दोष देतो.

खात्री करायची असेल तर तीननंतर बाण घसरला की बाबांना पडद्याच्या मध्यावर बघायला सांगा आणि स्वच्छ बोटाने, भुवईखालच्या कातडीला धरून पापणी दोन-तीन मिलिमीटर वर उचला. बाण वर आला तर कारण पापणी. नाही आला तर बेडवर शरीर घसरलंय. ४० अंशांत पाठ उचललेला माणूस दोन-तीन तासांत कमरेतून सहज आठ-दहा सेंटिमीटर खाली येतो. गुडघ्यांखाली उशी किंवा बेडचा गुडघ्याचा भाग आधी वर आणि पाठ त्यानंतर, हा क्रम ठेवला तर घसरणं बरंच कमी होतं. मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावा. बेडच्या कठड्यावर खांद्याच्या रेषेत रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा. खांदा पट्टीच्या खाली गेला की आधी बाबांना वर सरकवायचं, कॅलिब्रेशन मग. घसरलेल्या अवस्थेत पुन्हा कॅलिब्रेशन केलं की ते त्या वाकड्या ठेवणीपुरतंच बरोबर असतं, म्हणून तुमचं अर्ध्या तासात बिघडतं.

पापणी हेच कारण निघालं तर पडदा पाच-सहा सेंटिमीटर वर घ्या. नजर समोर किंवा किंचित वर असली की पापणी आपोआप उचललेली राहते. लॅपटॉपचा पडदा मांडीच्या पातळीवर असतो, माणूस खाली बघतो, पापणी अर्धी मिटलेली असते, आणि ट्रॅकरपुढे लॅपटॉपचाच कीबोर्ड पसरलेला असतो. म्हणून लॅपटॉप बाजूला ठेवा आणि वेगळा २१.५ इंची मॉनिटर लावा. मागे ७५ किंवा १०० मिलिमीटरची वेसा (मॉनिटर टांगण्यासाठीच्या प्रमाण मापाची) छिद्रं असलेला घ्या, म्हणजे हलता हात बसवता येतो. तो हात टेबलाला शिकंजाने पकडतो. टेबलाची फळी किमान दोन सेंटिमीटर जाड हवी आणि मॉनिटर माणसाच्या अंगावर लोंबकळणार असेल तर जाड दोरीने बेडच्या चौकटीला वेगळा बांधायचाच. यात चालढकल नको.

पडदा चेहऱ्याला समांतर हवा. माणूस मागे रेललेला असेल तर पडद्याची वरची कड त्याच्याकडे झुकलेली येईल. डोळ्यांपासून अंतर ६० ते ६५ सेंटिमीटर, शिंप्याच्या फितीने मोजा, अंदाजाने नको. हा ट्रॅकर ४५ ते ९५ सेंटिमीटरमध्ये चालतो, पण दोन्ही टोकांना अचूकता घटते.

उजेड: पश्चिमेच्या उन्हात भरपूर अवरक्त प्रकाश असतो आणि तुमची तक्रार दुपारनंतरची आहे, म्हणजे खिडकीचाही वाटा असणार. जाड पडदा लावा. खोलीत ट्यूब किंवा एलईडी चालेल, पिवळा तारेचा बल्ब आणि हॅलोजन नको. दिवा डोक्यामागे किंवा बाजूला असावा, चष्म्यात उमटू नये.

चष्मा: प्रोग्रेसिव्ह काचेत वर-खाली नंबर बदलतो, त्यामुळे नजर वर-खाली फिरली की बाहुलीची प्रतिमा थोडी सरकते. ६०-६५ सेंटिमीटरसाठी एकाच नंबरचा साधा चष्मा करून घ्या. चष्मेवाल्याला अंतर सेंटिमीटरमध्ये लिहून द्या. फ्रेमचा वरचा काठ जाड नको. हा खर्च सगळ्यात कमी आणि फायदा बहुतेक वेळा सगळ्यात जास्त.

बायपॅपचा मास्क: कपाळावर टेकणारा भाग आणि नाकाजवळचं चकचकीत प्लॅस्टिक यांवरून प्रकाश परततो आणि ट्रॅकर त्यालाच डोळ्यातला ठिपका समजतो. चमकणाऱ्या जागी कापडी पांढरी चिकटपट्टी लावा, हवा सुटण्याच्या छिद्रांवर मात्र अजिबात नको. फक्त नाकपुड्यांशी बसणारा मास्क चालेल का, हे श्वसनाच्या डॉक्टरांना विचारा.

आणि औषधं. लाळ कमी करायला ॲट्रोपिनचे थेंब किंवा हायोसिनची पट्टी चालू असेल तर ते हाताळलेल्या हातांनी बाबांचे डोळे पुसू नका. बाहुली मोठी होते, कधी एकाच डोळ्याची, आणि जवळचं धूसर दिसतं. कॅलिब्रेशन अचानक बिघडलं तर दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का हे आधी बघा. सारख्या नसतील आणि असं काही हाताळलेलंही नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ट्रॅकरकडे बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात. कृत्रिम अश्रूंचे थेंब घालायला हरकत नाही, पण घातल्यावर दहा मिनिटं थांबा. ओल्या थरावर ठिपका फुटतो. मलम फक्त रात्री.

बाबांना ट्रॅकरसमोर बसवण्याचा वेळ: सुरुवातीला १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. दोन तास सलग नाही.

---

कळफलक लिहितात:

मराठीचं सांगतो.

आधी कळ किती मोठी हवी. चांगल्या कॅलिब्रेशननंतरही अर्धा ते एक अंश चूक राहते. ६० सेंटिमीटरवर एक अंश म्हणजे पडद्यावर साधारण एक सेंटिमीटर. चूक दोन्ही बाजूंना होते, म्हणून कळ दोन सेंटिमीटरहून लहान नको, आणि दमलेल्या डोळ्यांसाठी तीन हवी. विंडोजच्या ऑनस्क्रीन कीबोर्डची कळ लॅपटॉपवर याच्या निम्मीही भरत नाही. बाबा चुकत नाहीत, त्यांना दिलेलं लक्ष्यच बारीक आहे.

दुसरं, इनस्क्रिप्ट, म्हणजे विंडोजच्या मराठी कीबोर्डची मांडणी. दहा बोटांसाठी ती मांडणी उत्तम आहे. डोळ्यांसाठी तिच्यातली शिफ्ट फार महाग पडते. ‘पाठ खाजतेय’ एवढंच लिहायचंय असं धरा. प, काना, ठ, जागा, ख, काना, ज, त, मात्रा, य: दहा वेळा नजर रोखायची. इनस्क्रिप्टमध्ये ठ आणि ख शिफ्टवर आहेत, म्हणजे बारा. एका कळीमागे शोधायला आणि रोखायला मिळून दीड सेकंद धरला तर १५ ऐवजी १८ सेकंद. शिवाय शिफ्ट दाबल्यावर सगळ्या कळांवरची अक्षरं बदलतात आणि नजर पुन्हा शोधत फिरते, तो वेळ वेगळाच. ण, ळ, श, भ, थ, अ ही सगळी शिफ्टवर. ही अक्षरं सोडून मराठी वाक्य होतं का?

मी ऑप्टिकी सुचवेन. विंडोजवरचा मोफत, मुक्त स्रोत प्रोग्राम आहे, २०१५ पासून आहे आणि टोबीचे हे स्वस्त ट्रॅकर त्याला चालतात. त्यात स्वतःचा कीबोर्ड एक्सएमएल फाइलने बनवता येतो. फाइलच्या सुरुवातीला किती ओळी, किती रकाने. मग प्रत्येक कळीसाठी ओळ, रकाना, कळीवर दिसणारं नाव आणि उमटणारा मजकूर. ओळी-रकान्यांची मोजणी शून्यापासून. फाइल नोटपॅडमध्ये लिहा आणि जतन करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. मग ऑप्टिकीच्या सेटिंगमध्ये डायनॅमिक कीबोर्डसाठी ते फोल्डर दाखवायचं.

२१.५ इंची पडदा साधारण ४७.५ सेंटिमीटर रुंद, २६.५ उंच. खालचे दोन तृतीयांश कीबोर्डला द्या. ६ ओळी आणि १० रकाने केले तर कळ पावणेपाच सेंटिमीटर रुंद आणि जवळजवळ तीन उंच होते. ६० कळांत सगळं बसतं:

व्यंजनं ३२, क ते ह आणि ळ. ङ आणि ञ नको. ‘ऱ्य’ ही एक स्वतंत्र कळ, कारण ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ लिहिताना ऱ, हलन्त, य असा तीनदा खेळ होतो. मात्रा-चिन्हं १४: काना, दोन वेलांट्या, दोन उकार, एक मात्रा, दोन मात्रा, काना-मात्रा, काना-दोन मात्रा, अनुस्वार, हलन्त, ॅ, ॉ आणि ृ. ॅ आणि ॉ विसरू नका. ‘डॉक्टर’ आणि ‘मॅच’ घरात रोज लागतात. स्वर सहाच: अ आ इ उ ए ओ. उरलेल्या सात कळा म्हणजे जागा, एक अक्षर पुसा, शेवटचा शब्द पुसा, बोला, ठरलेली वाक्यं, इतर अक्षरं आणि विश्रांती.

क्रम वर्णमालेचाच ठेवा. कुठलं अक्षर जास्त लागतं ते मोजून मांडणी करण्याचा मोह होतो, पण क-ख-ग-घ ज्यांना पाठ आहे त्यांची नजर न शोधता जागेवर जाते. मात्रा उजव्या बाजूला एकत्र ठेवा, म्हणजे अक्षर डावीकडे, मात्रा उजवीकडे, अशी लय बसते.

यात हमखास दोन चुका होतात. सुटी मात्रा कळीवर लिहिली की ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं आणि ते दुरून ओळखू येत नाही. म्हणून दिसणारं नाव ‘का’, ‘कि’, ‘की’, ‘कु’ असं द्या आणि उमटणारा मजकूर फक्त मात्रा ठेवा. दुसरं, आपोआप जागा सोडण्याची सोय बंद करा, नाहीतर अक्षर आणि मात्रा यांच्यामध्ये जागा पडू शकते आणि शब्द तुटतो. ऑप्टिकी चालू असताना विंडोजचं आय कंट्रोल बंद ठेवा. दोघे एकाच नजरेवर क्लिक करायला बघतात.

नजर रोखायचा वेळ अक्षरांसाठी १ सेकंदापासून सुरू करा. आठवड्यात चुका कमी झाल्या की ०.८, मग ०.६. ‘शब्द पुसा’ आणि ‘बोला’ या कळांना मात्र दीड सेकंदच ठेवा, कारण तिथे चुकून नजर थांबली तर नुकसान मोठं. सरावलेला माणूस अशा कीबोर्डवर मिनिटाला पाच ते दहा शब्द लिहितो. याहून जास्त अपेक्षा पहिल्या महिन्यात धरू नका.

चौथी अडचण, बघताक्षणी क्लिक होणं. या क्षेत्रात तिला मिडास टच म्हणतात, हात लावेल ते सोनं होणाऱ्या राजावरून. डोळा बघण्यासाठी असतो आणि आपण त्यालाच बोट करायला लावतो, म्हणून हे होणारच. दोन उपाय. एक, वर सांगितलेली विश्रांतीची कळ डाव्या खालच्या कोपऱ्यात ठेवा. तिच्यावर बघितलं की बाकी सगळं बंद, पुन्हा बघितलं की चालू. वाचायला सुरुवात करायच्या आधी ती लावायची सवय आठवडाभरात लागते. दोन, शरीरात काहीतरी हलत असेल, पायाचा अंगठा, भुवई, गाल, तर नजरेने फक्त जागा दाखवायची आणि क्लिक स्विचने करायचं. ऑप्टिकीत तशी निवड आहे. नजर रोखण्यापेक्षा हे कितीतरी कमी थकवतं, म्हणून अंगठा हलतोय तोवर जरूर करून बघा.

ट्रॅकर परत गेल्यावरही मांडणी तपासायची असेल तर ऑप्टिकीत नजरेऐवजी माउसची जागा निवडता येते. घरातल्या कुणीही माउसने तासभर त्या कीबोर्डवर लिहून बघा. कुठली कळ चुकीच्या जागी आहे ते लगेच कळतं.

आवाज: ईस्पीक एनजी मोफत आहे, मराठी वाचतो, नेटशिवाय चालतो. आवाज यंत्रासारखा आहे पण उच्चार समजतात. विंडोजमध्ये हिंदी आवाज घालता येतो आणि तो देवनागरी वाचतो, पण ळ आणि दंततालव्य च-ज यांत गडबड करतो. ‘चमचा’ ऐकून कसंतरीच होतं. अँड्रॉइडवर गुगलचा मराठी आवाज आहे, तो बराच बरा.

एक विनंती. बाबांचा जुना आवाज फोनमध्ये कुठे असेल तर आजच शोधा. व्हॉट्सॲपवरच्या जुन्या व्हॉइस नोट, लग्नातले व्हिडिओ. ‘अगं ऐक ना’, ‘जेवलात का’ असे दोन-तीन सेकंदांचे तुकडे ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये कापून, प्रत्येकाला नाव देऊन डेस्कटॉपवर मोठ्या चौकोनांत ठेवा. नजरेने उघडले की वाजतात. यंत्राच्या आवाजात वाक्य आणि स्वतःच्या आवाजात हाक, असं दोन्ही एकत्र चालतं.

---

पिंपळपान लिहितात:

वरचे दोन्ही प्रतिसाद नीट जपून ठेवावेत असे आहेत. मी फक्त विजेशिवायच्या सोयीचं लिहितो, कारण वीज जाते, विंडोज अपडेट मागतं, आणि रात्री अडीच वाजता कुणी कॅलिब्रेशन करत नाही.

आधी हो-नाही ठरवा. वर बघितलं तर हो, डोळे दोन सेकंद मिटले तर नाही. हे मोठ्या अक्षरांत लिहून बेडच्या डोक्याशी लावा, म्हणजे नवीन नर्स आली तरी पहिल्या मिनिटाला वाचेल. प्रश्न एका वेळी एकच. ‘पाणी हवंय की कूस बदलू?’ याला हो-नाही उत्तर नसतं.

मग पारदर्शक फलक. ३ मिलिमीटर जाडीचं ॲक्रिलिक, ६० बाय ४५ सेंटिमीटर, मध्ये २० बाय १५ ची खिडकी कापून घ्या. नेमप्लेट करणारे कापून देतात. कडा घासून घ्यायला सांगा. सांगणारा आणि मदतनीस समोरासमोर, मध्ये फलक, दोघांचे डोळे खिडकीतून एकमेकांना दिसले पाहिजेत. खिडकीभोवती आठ घरं: वर तीन, खाली तीन, बाजूंना एकेक. प्रत्येक घरात सहा अक्षरं, तीन वर आणि तीन खाली.

इथे आपली वर्णमाला फार उपयोगी पडते. डावं-उजवं सगळं बाबांच्या बाजूने:

वर डावीकडे: अ आ इ / ई उ ऊ
वर मध्ये, कंठ्य: क ख ग / घ ह क्ष
वर उजवीकडे, तालव्य: च छ ज / झ श ज्ञ
बाजूला डावीकडे, मूर्धन्य: ट ठ ड / ढ ण ळ
बाजूला उजवीकडे, दंत्य: त थ द / ध न स
खाली डावीकडे, ओष्ठ्य: प फ ब / भ म ‘चुकलं’
खाली मध्ये: य र ल / व ष अनुस्वार
खाली उजवीकडे: ए ऐ ओ / औ, हलन्त, ‘शब्द संपला’

मात्रांसाठी वेगळं घर लागत नाही. व्यंजनानंतर स्वर आला की मदतनीस मात्रा समजतो.

प्रत्येक अक्षराला दोन नजरा. पहिली घराकडे, मग खिडकीतून मदतनीसाच्या डोळ्यांत, मग दुसरी नजर, ते अक्षर घरात ज्या जागी आहे फलकाच्या त्या कोपऱ्याकडे. ‘पाणी’ असं होतं: खाली डावीकडे, वर डावीकडे, झाला प. वर डावीकडे, वर मध्ये, आ. बाजूला डावीकडे, खाली मध्ये, ण. वर डावीकडे, खाली डावीकडे, ई. मदतनीस प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणतो, आणि ‘पाण’पर्यंत आलं की ‘पाणी?’ असं विचारतो. दोन नजरांच्या मध्ये डोळ्यांत परत येणं चुकवू नका, नाहीतर ‘अ’ लिहिताच येत नाही, त्याच्या दोन्ही नजरा एकाच कोपऱ्यात आहेत.

मदतनीसाला फलक मागून दिसतो, अक्षरं उलटी. म्हणून दुसऱ्या बाजूने त्याच घरामागे तीच अक्षरं सरळ वाचता येतील अशी लावा. नेमकी इथे चूक होते: मागचा कागद तसाच पुन्हा छापून लावला की डावीकडची घरं उजवीकडे जातात आणि घराच्या आतला क्रमही उलटतो. मागच्या बाजूला घरंही आणि प्रत्येक ओळीतला अक्षरांचा क्रमही उलटा छापा, म्हणजे ‘प फ ब’ ऐवजी ‘ब फ प’. आठवडाभर रोज वीस मिनिटं बसलात की घरातल्या दोघांना हा फलक पाठ होतो. नेत्रपल्लवी आपल्याकडे शब्द म्हणून आहेच; ही तिची रोजच्या वापरातली रीत.

हाक मारायची सोय मात्र संगणकावर कधीच सोपवू नका. बाजारातली बिनतारी बेल घ्या, तिचं बटण उघडा, बटणाच्या दोन टोकांना दोन तारा झाळून ३.५ मिलिमीटरचं सॉकेट बसवा. मग अंगठ्याखालचा हलका मायक्रोस्विच त्यात लावता येतो, आणि उद्या अंगठा थांबला तर दुसरा स्विच त्याच सॉकेटात. बटणातली बॅटरी महिन्याच्या पहिल्या तारखेला तपासा.

---

निळी_शाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तीन गोष्टी केल्या. पापणी उचलून बघितली, बाण वर आला. शिंप्याच्या फितीने अंतर मोजलं, ४८ सेंटिमीटर होतं, ६२ केलं. टेबलाखाली दोन विटा ठेवून पडदा वर घेतला. साडेचारपर्यंत बाण फारसा घसरला नाही. चष्मा उद्या करायला टाकते. उजव्या पायाचा अंगठा हलतो, तो स्विचसाठी बघणार.

एक शंका. ठरलेल्या वाक्यांच्या पानावर किती वाक्यं ठेवू? आम्ही चाळीस काढलीत.

---

व्यवसायोपचार:

विटांऐवजी लाकडी ठोकळे ठेवा, टेबलाच्या चाकांना खाच असलेले. विटेवरून चाक निसटतं.

पहिल्या पानावर बारा, तीन ओळी चार रकाने. श्वासाची आणि अंगाची आधी: श्वास लागतोय, मास्क नीट करा, सक्शन करा, कूस बदला, मान सरळ करा, खाज येतेय, डास चावतोय, थांबा माझं संपलं नाही. ही शेवटची कळ सगळ्यात जास्त वापरली जाते, कारण आपण सगळेच त्यांचं वाक्य मध्येच पुरं करतो. उरलेल्या चार कळा बाबांनी स्वतः ठरवू द्या. त्यांच्या तोंडची भाषा वापरा; ‘कृपया मला पाणी द्यावे’ असं घरात कुणी बोलत नाही. चाळीसमधली बाकीची विषयवार दुसऱ्या-तिसऱ्या पानावर.

---

सांजपाखरू विचारतात:

इथेच विचारतो. भावाला मेंदूच्या खोडाचा स्ट्रोक झालाय. भान पूर्ण आहे. डोळे वर-खाली हलतात, डावी-उजवीकडे नाही. घरात आयफोन १३ आणि अँड्रॉइड फोन आहे. यातलं काय चालेल?

---

कळफलक:

डावी-उजवीकडे नजर जात नसेल तर अख्ख्या पडद्यावर फिरणारा ट्रॅकर आत्ता घेऊ नका. कॅलिब्रेशनचे कडेचे बिंदूच त्याला गाठता येणार नाहीत. अँड्रॉइडवरचं लुक टू स्पीक हे ॲप डावीकडे-उजवीकडे बघूनच वाक्यं निवडतं, त्यामुळे तेही बाद. पण अँड्रॉइड १२ पासून स्विच ॲक्सेस या सोयीत (बटणांनी फोन चालवण्याच्या) कॅमेरा स्विच आहेत: वर बघणं, भुवया उचलणं, तोंड उघडणं अशा हालचाली बटणासारख्या वापरता येतात. ‘वर बघणं’ हा एकच स्विच ठेवा आणि आपोआप पुढे सरकणारं स्कॅनिंग लावा: पडद्यावरची चौकट एकेक पुढे जाते, हव्या जागी आली की तो वर बघतो. सरकण्याचा वेग सुरुवातीला २ सेकंद. फोन चेहऱ्यासमोर स्टँडवर पक्का हवा, हातात धरून नाही.

आयफोन १३ वर आयओएस १८ असेल तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये आय ट्रॅकिंग आहे, फोन दीड फुटावर स्थिर ठेवायचा. पण त्यालाही दोन्ही दिशांची नजर लागते. डावी-उजवी हालचाल पुढे परत येऊ लागली तर तेव्हा बघा. दर पंधरा दिवसांनी तपासत राहा.

आत्ता लगेच, आज संध्याकाळी करण्यासारखं: पिंपळपान यांनी दिलेली आठ घरं कागदावर लिहा आणि तुम्ही तोंडाने वाचा. ‘अ-आ? क? च? ट? त? प? य? ए?’ हव्या घरावर तो वर बघेल. मग त्या घरातली सहा अक्षरं एकेक वाचा. प्रत्येकानंतर दोन सेकंद थांबा. घाई केली की तो मागच्या अक्षराला उत्तर देतो आणि तुम्ही पुढचं लिहून घेता. जवळ वही ठेवा, प्रत्येक अक्षर लगेच लिहा, कारण सातव्या अक्षराला पहिलं विसरायला होतं.

---

सांजपाखरू:

आत्ता केलं. पहिला शब्द आला ‘उशी’. उशी टोचत होती. बदलली.